कलम तिसरे

श्री
मंडी मोहल्ला, मैसूर
८ जानेवारी २०२४

चि. हयग्रीवास तुंगाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. फोनवर अक्काला ताप आहे असं सांगितलं तरी तू 'छान, छान' म्हणतोस. तेव्हा कानाचं यंत्र तू नीट लावायला लागेपर्यंत आपलं टपालच बरं.

अक्काची तब्येत आहे तशीच आहे. दसऱ्यानंतर उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं तोंडात सुपारी धरल्यासारखं येतं आणि ते माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. डोकं मात्र पूर्वीइतकंच तल्लख आहे, हा आनंदही आहे आणि तापही. कालच मला म्हणाली की सारात चिंच कमी पडली आहे, आणि खरंच पडली होती.

आता मुद्द्याचं. तिला उठवायला दोन माणसं लागतात. शेजारचे प्राणेश आणि पूजिता सकाळ-संध्याकाळ हात देतात, मधल्या वेळी मी एकटीच. परवा माझी कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं की आता वजन उचलायचं नाही, नाहीतर एकाच घरात दोन खाटा घालाव्या लागतील. गणिताच्या शिकवण्या मी बंदच केल्या आहेत.

गोकुलमला एक शुश्रूषागृह आहे, तिथे चौकशी केली. महिन्याला अडतीस हजार. मी आकडा सांगायचा अवकाश, अक्काने पडल्या पडल्या हिशेब केला की तिचे नऊ लाख चाळीस हजार दोन वर्षांत संपतील. आणि लगेच बजावलं की ते पैसे तुंगेचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. तुला माहीत आहेच, आई गेल्यावर आपल्या दोघांना वाढवण्यात आणि अगरबत्तीच्या कारखान्यात तिची चाळीस वर्षं गेली. ना लग्न, ना पेन्शन. मी खासगी शाळेतली, मलाही पेन्शन नाही. घर भाड्याचं. तिघांत सरकारमान्य म्हातारा तू एकटाच. म्हणून तिने ही पुंजी माझ्या पुढच्या दिवसांसाठी ठेवली आहे. मी कितीही नको म्हटलं तरी ते खोटंच ठरतं, कारण मला ती लागणार आहे.

डॉक्टरांनी आणखी एक जागा सुचवली. वरुणा गावाच्या पलीकडे 'कपिलातीर' म्हणून सरकारी अनुदानावरचं शुश्रूषागृह आहे. राहणं, औषध, जेवण सगळं फुकट. अट एवढीच की माणसाच्या नावावर पैसा नसावा आणि सांभाळणारं कुणी नसावं. आपल्याकडे दोन्ही थोडं थोडं आहे, हीच अडचण. तू बँकेत जन्म काढलास, काही वाट दिसते का सांग.

थंडीत टोपी घालत जा. लोभ आहेच, तो पत्राच्या उत्तरात दिसू दे.

तुझी
तुंगाक्का


श्री
बेळगाव
१७ जानेवारी २०२४

ती. तुंगाक्कास हयग्रीवाचा सा. न. वि. वि.

तुझा एळ्ळू-बेल्लाचा डबा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मिळाला. साखरेचे साच्यातले अच्चू फुटले होते, पण गोडी शाबूत होती. ही गेल्यापासून सहा वर्षं या घरात तीळगूळ बाहेरूनच येतो. पुण्याहून आपली लेक श्रीविद्या हिनेही पाठवला होता.

कंबरेचं वाचून काळजी वाटली. काळजी करत बसण्यापेक्षा एक योजना आखली आहे, ती नीट वाच.

अक्काने सगळी रक्कम मला दानपत्राने द्यायची. तुझ्या नावावर नको, कारण तू त्याच घरात राहतेस आणि चौकशी आली की पहिलं तुझंच पासबुक उघडतील. मी आमच्या वकिलांकडून मसुदा करून, माझी सही घालून रजिस्टर पोस्टाने पाठवतो. तिथे नोटरीला घरी बोलाव, अक्काची सही घे. पैसे माझ्याकडे तुझ्या नावाने सुरक्षित राहतील. माझ्यावर विश्वास नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी रागावणार नाही, फक्त जेवणार नाही.

दुसरं, चौकशीच्या दिवशी चांदीची भांडी प्राणेशांकडे ठेव. तुझ्या हाताला सवय आहे, आल्यागेल्याला कॉफी चांदीच्या लोट्यातूनच देशील.

तिसरं थोडं कठीण आहे. अर्जात जवळच्या नातेवाइकांचा रकाना असेल. तिथे 'कोणी नाही' असं लिही आणि तू शेजारीण आहेस असं सांग. मला ठाऊक आहे तुला हे रुचणार नाही. पण शेवटी ती शाई आहे. तिने आपलं नातं पुसलं जात नाही.

मी स्वतः आलो असतो, पण गुडघे आणि कान दोन्ही प्रवासाला नाही म्हणतात. अक्काला माझा नमस्कार सांग. तुझा आशीर्वाद पाठीशी ठेव, कारण वकिलाची फी मोठी आहे.

तुझा
हयग्रीव


श्री
मैसूर
१४ फेब्रुवारी २०२४

चि. हयग्रीवास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं पार पडलं. नोटरी घरी आले. अक्काने डाव्या हाताने सही केली. 'भागीरथी' लिहायला तिला इतका वेळ लागला की नोटरींची कॉफी पिऊन झाली. मसुदा मी वाचला नाही. तुझा आणि वकिलाचा आहे म्हणजे चोख असणार, आणि चष्मा कुठे ठेवला होता ते आठवत नव्हतं. साक्षीदार म्हणून जिथे खूण केली होती तिथे सही करून मोकळी झाले. पैसे तुझ्या खात्यात आले असतील.

नातेवाइकांच्या रकान्यापाशी मात्र मी चार दिवस अडून बसले. पस्तीस वर्षं पोरांना खोटं उत्तर खोडायला शिकवलं, आता स्वतःच लिहायचं. शेवटी अक्कालाच विचारलं. ती म्हणाली, लिहून टाक, शाई काही अंगाला लागत नाही. तुम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर कसं दिलंत, कोण जाणे. मी लिहिलं. तिने मग भिंतीकडे तोंड केलं आणि दुपारभर झोपली.

परवा पूजिताला अक्कापाशी बसवून मी कपिलातीर पाहून आले. वरुणापर्यंत बस, पुढे उसाच्या शेतांमधून एकाच्या दुचाकीवर. या वयात परक्या माणसाच्या मागे बसून गेले, हे कुणाला सांगू नकोस. जागा खरंच चांगली आहे. चादरी धुतलेल्या, ओसरीवर उन्हात खुर्च्या, ताक घरच्यासारखं. तिथे कांचन नावाची एक बाई रात्रपाळी करते. तिने मला दाखवलं की अंगाखाली चादर सरकवून माणसाला कसं वळवायचं, म्हणजे कंबरेवर भार येत नाही. हे चार महिन्यांपूर्वी कुणी शिकवलं असतं तर! अक्का तिथे सुखात राहील असं मनापासून वाटलं, आणि परतीच्या बसमध्ये मला रडूही आलं.

एक मार्चला शुक्रवारी तिथल्या अधिकारी पावनी मॅडम घर पाहायला येणार आहेत. चांदी प्राणेशांकडे गेली. घर आता खरंच गरीब दिसतं. आजवर ते श्रीमंत दिसत होतं हे मला चांदी गेल्यावरच कळलं.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावायला कंटाळू नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझी
तुंगाक्का


श्री
मैसूर
४ मार्च २०२४

चि. हयग्रीवास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र खुर्चीत बसून वाच. पाणी जवळ ठेव.

शुक्रवारी पावनी मॅडम ठरल्या वेळी आल्या. वयाने श्रीविद्याएवढ्या, बोलणं गोड, नजर शाळा-तपासनिसाची. मी शेजारीण झाले. कॉफी स्टीलच्या पेल्यातून दिली. अक्का डोळे मिटून अगदी निराधार पडून राहिली. तिला नाटकाचं हे अंग आहे हे सत्तर वर्षांत मला ठाऊक नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग मॅडमनी अर्जाची फाइल उघडली. अर्जात लिहिलं होतं, 'संबंधित सर्व कागदपत्रे जोडावीत.' मी शिक्षिका. सर्व म्हणजे सर्व. दानपत्राची प्रतही जोडली होती, क्रमांक घालून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मॅडमनी ते वाचायला घेतलं आणि तिसऱ्या कलमाशी थांबल्या. मग मलाच मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं, तेही आयुष्यात पहिल्यांदा. तू लिहिलंयस की ही रक्कम घेणारा, देणारीचा सख्खा भाऊ, देणारीचा हयातभर आपल्या घरच्या माणसाप्रमाणे सांभाळ करील, आणि त्यात चुकल्यास दान रद्द होऊन रक्कम तिला परत जाईल. आणि खाली माझी सही. सहीखाली तुझ्या वकिलाने छापलेलं, 'साक्षीदार: देणारीची धाकटी बहीण.'

हयग्रीवा, चोरी करायची तीही पावती फाडून? असं कुणी करतं का?

मॅडमनी कन्नडमध्ये शांतपणे विचारलं की अर्जात या बाईंना कुणी नाही, आणि कागदात भाऊ आहे, बहीण आहे, वर सांभाळाचं वचन आहे, तर यातलं खरं कोणतं मानू? खाटेवरून अक्का काहीतरी बोलली. मॅडमनी मला त्याचा अर्थ विचारला. अर्थ असा होता की तुंगे, खोटं बोलायला तुला जमत नाही, त्यांना दुसरी कॉफी दे. मी तोही सांगून टाकला.

त्या रागावल्या नाहीत. 'परवागिल्ल' म्हणाल्या, असू दे. पण हेही सांगितलं की चाळीस खाटांसाठी एकशे दहा अर्ज आहेत आणि त्यांतल्या कितीतरी बायकांना बस-स्टँडवरून उचलून आणलेलं आहे. अर्ज फेटाळला असं नोंदण्यापेक्षा आम्हीच तो मागे घ्यावा असं सुचवलं. मी तिथल्या तिथे लिहून दिलं. मान वर करवत नव्हती. जाताना म्हणाल्या की असा कागद त्यांच्याकडच्या एकीकडेही नाही.

आता पुढे काय करायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलेलं एकदा पाहिलं, तरी पुन्हा विचारते.

तुझी, अजून तुझ्यावर रागावलेली,
तुंगाक्का


श्री
बेळगाव
१२ मार्च २०२४

ती. तुंगाक्कास सा. न. वि. वि.

पाणी जवळ ठेवलं होतं, त्याचा उपयोग झाला.

चूक माझीच. वकील म्हणत होते की ते कलम नको, नुसतं 'प्रेमापोटी दिले' एवढं पुरे. मीच हट्ट धरला. चौतीस वर्षं बँकेत काढली. अक्काचे नऊ लाख बदल्यात काहीही न देता घेतले, असा कागद माझ्या हातून निघेना. उद्या मी गेलो आणि कुणी तो वाचला तर काय म्हणेल, हेच डोक्यात. खोटं बोलायचं ठरवलं आणि ते खरं दिसावं म्हणून खरं लिहून बसलो.

आता दोन वाटा दिसतात. एक, पैसे परत करतो, अक्काला गोकुलमला ठेवू. दोन वर्षं निघतील. त्यानंतर तुझ्या हातात काही उरणार नाही, हे लिहितानाच बरं वाटत नाही. दुसरी, मी पेन्शनमधून दरमहा दहा हजार पाठवतो, तू एखादी बाई ठेव. माझं दोन खोल्यांत भागतं. बाकीच्या बंदच असतात, म्हणून वीजही कमी लागते.

तिसरी वाट तू सुचवशील, मी तिकडे येऊन राहायची, ती मला जमणारी नाही. कान, गुडघे, आणि इथलं घर.

अक्काला सांग की मी चुकलो. माफी असावी आणि नेहमीसारखी ओरडून असावी.

तुझा
हयग्रीव


श्री
मैसूर
२४ मार्च २०२४

चि. हयग्रीवास अक्काचे आशीर्वाद.

हे अक्का सांगते आहे आणि तुंगा लिहिते आहे. (एक शब्दही बदलायचा नाही, अशी ताकीद आहे.)

पैसे परत पाठवू नकोस. तुझे दहा हजारही नकोत. कागदात दहा हजार कुठे आहेत? मी तुंगेकडून तिसरं कलम पाच वेळा वाचून घेतलं. (सात वेळा.) त्यात लिहिलं आहे, आपल्या घरच्या माणसाप्रमाणे सांभाळ करील. मनीऑर्डर करील असं लिहिलेलं नाही. वकिलाचे पैसे तू भरलेस, तेव्हा त्याची भाषा तुला मान्य असणार.

तुंगेला हात आहेत, कंबर नाही. तुला दोन्ही आहेत. गुडघे दुखतात तर बसून धर. कान नाहीत म्हणतोस, तर मला तरी जीभ कुठे आहे? आपलं छान जमेल. तिथून बसल्या बसल्या उंटावरून शेळ्या हाकतोस, त्यातली एक शेळी मी आहे आणि मला हे आवडत नाही.

कांचन परवा वरुणाहून येऊन गेली. पावनी मॅडमनीच तिला पत्ता दिला. तिची रात्रपाळी पहाटे संपते. सकाळी आठ ते बारा येईल, अंघोळ घालेल, नऊ हजार घेईल. तुझं बेळगावचं घर भाड्याने दिलंस तर तेवढं सहज येईल. माझे पैसे आहेत तिथे राहू देत, ते तुंगेचे. याला मी हिशेब म्हणते. तुमच्या बँकेत याला काय म्हणतात मला ठाऊक नाही.

चार वर्षं तू आला नाहीस. का, ते मला माहीत आहे, सांगू नकोस. (मला माहीत नाही. विचारलं तर सांगत नाही.)

उगादी-पाडव्यानंतर ये. कडुनिंब-गूळ तुझ्या वाटचा ठेवते. नाही आलास तर कागद माझ्याकडे आहे.

तुझी
अक्का
(सही तिने स्वतः केली आहे. या वेळी लवकर झाली.)


श्री
बेळगाव
२ एप्रिल २०२४

ती. अक्का आणि ती. तुंगाक्का यांस सा. न. वि. वि.

घर एका शिक्षक जोडप्याला दिलं. भाडं साडेदहा हजार. चौदाला सकाळी पोचतो.

तुंगाक्का, तुला माहीत नाही म्हणतेस, म्हणून सांगतो. मला टायफॉइड झाला तेव्हा अक्का मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेत असे. तिच्या वेणीला अगरबत्तीच्या मसाल्याचा वास यायचा. तीच अक्का आधी काठीवर आली आणि मग खाटेवर, असं कळल्यावर मला तिथे यायची भीती वाटली. पैसे पाठवायची, योजना आखायची कधी वाटली नाही. तिला सरकारी जागेत ठेवा म्हणताना तुमचे पैसे वाचवतोय अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं तर स्वतःला वाचवत होतो. लाज वाटते.

येताना कुंदा आणतो. अक्काला चालत असेल तर तिला, नाहीतर तुला. बाकी समक्ष, आणि तिथे लोभ मागायला कागद लागणार नाही.

तुमचा
हयग्रीव


श्री
मैसूर
६ मे २०२४

चि. श्रीविद्या हिस तुंगाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे बाबा फोनवर काही सांगत नाहीत आणि तू विचारलेलं त्यांना ऐकू जात नाही, म्हणून मीच लिहिते. ते मजेत आहेत. दोन किलो वाढले आहेत. कुंद्याचा बराचसा भाग कुणी खाल्ला ते मी विचारलेलं नाही.

कांचन सकाळी येते, बाबा तिच्या हाताखाली शिकतात. पहिल्या दिवशी त्यांनी चादर उलटी धरली आणि अक्काने त्यांना जे ऐकवलं ते त्यांना ऐकू आलं नाही, त्यामुळे घरात शांतता राहिली. आता बारानंतरही ते तिला एकटे वळवतात. दुपारी दोघं तास तास बोलत बसतात. तिचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, आलं तरी कळलं नसतं. ते कारखान्याच्या जुन्या आठवणींवर मान डोलावतात, ती पेन्शनच्या बातम्यांवर. भांडण कसं ते नाही. फार महत्त्वाचं असलं की ती मला हाक मारते आणि मी पाटीवर लिहून बाबांना दाखवते. माझ्या शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत, पाच मुलं येतात.

अक्काचे पैसे बाबांनी अक्काच्याच नावावर परत ठेवले, वारस म्हणून माझं नाव घातलं. त्यांना वाटलं, आता कागद फाडायला हरकत नाही. अक्काने फाडू दिला नाही. तो उशाखाली आहे.

काल रविवारी एक घडलं ते सांगायला हे पत्र. बाबांनी आणि कांचनने अक्काला पहिल्यांदा खुर्चीत बसवून बाहेर दारापाशी नेलं. सात महिन्यांनी तिने गल्ली पाहिली. फुलवाली थांबली, प्राणेश आले, सगळ्यांनी विचारपूस केली. फुलवालीने बाबांकडे बोट दाखवून हे कोण असं विचारलं. अक्का बोलली, पण तिला कळेना. मग अक्काने मला पाटी आणायला लावली.

मला वाटलं, भाऊ म्हणून लिहायचं असेल. तिने सांगितलं ते मी लिहिलं. थांबत थांबत लिहिलं, कारण ते मलाच होतं आणि तुझ्या बाबांनाही:

'मला कोणी नाही असं पुन्हा लिहायचं नाही. पैशासाठीसुद्धा नाही. मी त्या दिवशी झोपले नव्हते.'

तुझ्या बाबांनी ते वाचलं. पाटी माझ्या हातातून घेतली आणि पुसली नाही. मग ते खाली बसले, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि अक्काचे पाय खुर्चीच्या पट्टीवर नीट ठेवले. मी आत जाऊन कॉफी केली. चौघांना पुरेल एवढी केली, पण कुणी ती लवकर प्यायली नाही.

सुट्टीत ये. तुझ्यावर आमचा तिघांचा जीव आहे.

तुझी
तुंगाआत्या